एका शिवीच्या गावी

शिव्या बहुधा माणसांच्या नावांवरून तयार होतात. शकुनी, मंथरा, कुंभकर्ण ही मंडळी युगे लोटली तरी आपल्या बोलण्यात अजून राबत आहेत. पण एका सबंध प्रदेशाचीच शिवी करून टाकण्याचा पराक्रम केला तो विसाव्या शतकातील मुत्सद्द्यांनी आणि वर्तमानपत्रांनी. ‘बाल्कनीकरण’ ही ती शिवी. बाल्कन हे मुळात एका डोंगराचे नाव. तुर्की भाषेत त्याचा अर्थ झाडीने भरलेला डोंगर, इतका निरुपद्रवी आहे. परंतु १९१२-१३ ची बाल्कन युद्धे झाली, पाठोपाठ पहिले महायुद्ध झाले, आणि त्या शब्दातली झाडी जाऊन तेथे बंदुका आल्या. लहान लहान जमातींनी एकमेकींच्या उरावर बसावे आणि देशाच्या चिंधड्या कराव्यात, असा त्याचा अर्थ कोशांत जाऊन बसला तो आजतागायत उठलेला नाही.

हा शब्द आपल्या घरातही येऊन गेला आहे. १९४७ च्या मे महिन्यात माउंटबॅटनसाहेबांनी हिंदुस्थानच्या वाटणीचा जो पहिला आराखडा केला, त्याला सरकारी वर्तुळात ‘बाल्कन योजना’ म्हणत. सिमल्यात तो पंडित नेहरूंच्या हाती पडला, ते संतापले, आणि तो आराखडा बासनात गेला. तेथे तो शब्द शोभला असेल. पण पुढे भाषावार प्रांतांची मागणी आली, तेव्हा हाच बागुलबुवा आपल्याच दारात आणून उभा करण्यात आला. मराठी बोलणाऱ्यांचे एक राज्य झाले तर देशाचे बाल्कनीकरण होईल, असे शहाणीसुरती माणसे गंभीरपणे सांगत होती. १९६० च्या १ मे रोजी ते राज्य झाले. देश जागच्या जागी राहिला. शब्द मात्र शिल्लक उरला. आणि आजही ‘इतक्या भाषा, इतके धर्म, इतक्या जाती, अशा देशाचे बाल्कनीकरण व्हायला कितीसा वेळ?’ असे वाक्य कुठल्या ना कुठल्या अग्रलेखात दर महिन्याला भेटते.

ज्या मुलखाच्या नावाने ही शिवी दिली जाते, त्या मुलखातील एका राजधानीत मी आठ दिवस पायी हिंडलो. ती राजधानी म्हणजे बोस्निया-हर्जेगोव्हिनाचे सारायेव्हो. इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेने आपण त्याला साराजेव्हो म्हणतो. तेथून येताना मी एक फिर्याद घेऊन आलो आहे. ती या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो. चकलीचा एक तुकडा तोंडात टाकून ती ऐकायला हरकत नाही. पुढे चकलीचाही संबंध येणार आहे.

आधी पायी का, ते सांगतो. आपल्याकडून युरोपला जाणारी मंडळी पंधरा दिवसांत नऊ देश पाहतात. पाहतात म्हणजे गाडीच्या काचेतून त्यांची मोजदाद करतात. सारायेव्होसारखे गाव त्यांच्या वाट्याला आलेच तर अर्ध्या दिवसापुरते येते. गाडी थांबते, वाटाड्या एका पुलाकडे बोट दाखवून ‘येथे पहिले महायुद्ध सुरू झाले’ असे म्हणतो, मग एका भिंतीवरील गोळ्यांच्या खुणा दाखवतो, फोटो निघतात आणि गाडी सुटते. उतारूंच्या मनात शिवी होती तशीच राहते, उलट तिला आता पुरावा मिळालेला असतो. माझे म्हणणे असे की, गाव हे काचेतून दिसतच नाही. काचेतून दिसतात त्या इमारती आणि जखमा. माणसे एकमेकांच्या किती जवळ राहतात, कुणाच्या ओट्यावर कोण टेकते, कुणाच्या घंटेचा आवाज कुणाच्या स्वयंपाकघरात शिरतो, हे फक्त पायांना कळते. आणि बाल्कनवरचा सारा वाद नेमका याच प्रश्नाचा आहे, की माणसे एकमेकांच्या किती जवळ राहू शकतात.

सारायेव्हो एका लांबट दरीत वसले आहे. मधून मिल्यात्स्का नावाची उथळ नदी वाहते. उन्हाळ्यात तिचे पाणी गुडघ्याला लागायचे नाही, पण पूल मात्र एकापाठोपाठ एक. दोन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगरांच्या उतारावर लाल कौलांची घरे. या उतारावरच्या वस्त्यांना तेथे ‘महाला’ म्हणतात. हा आपला मोहल्लाच, हे कानाला लगेच समजते. गल्ल्या इतक्या चढाच्या की पहिल्या दिवशी माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. साठी उलटलेल्या बायका मात्र भाजीच्या पिशव्या घेऊन माझ्या पुढून तुरुतुरु चढत होत्या, आणि वळणावर थांबून माझ्याकडे दयेने पाहत होत्या.

चढावरून खाली उतरले की बाश्चार्शिया हा जुना बाजार लागतो. त्याच्या चौकात लाकडी जाळीची, घुमटाची एक पाणपोई आहे. तिला ‘सेबिल्य’ म्हणतात. मोहरमच्या दिवसांत आपल्या गावांतून सरबताच्या सबिली लागत, तोच हा शब्द. तिला लागून कासारांची एक गल्ली आहे. पुण्याच्या तांबट आळीत ज्याचे बालपण गेले असेल त्याने तेथे डोळे मिटून उभे राहावे. हातोडीचा तोच ठोका, तांबे मठारण्याचा तोच नाद. भांड्यांत कॉफीच्या लांब दांड्याच्या तपेल्या, ताटे, सुरया. आणि त्यांच्या शेजारी मांडलेल्या असतात तोफगोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, वर फुलापानांची नक्षी काढलेल्या. जे गावावर फेकले गेले त्याच्या फुलदाण्या करून विकणारे हे लोक! ज्यांना आपण जन्मजात भांडखोर समजतो, त्यांच्या हातांचा उद्योग असा आहे.

चालताना शब्द गोळा होत जातात. दुकानाला तेथे ‘दुचान’ म्हणतात. बक्षिसाला ‘बक्शिश’. चहा तो ‘चाय’. बागेला ‘बाश्चा’, म्हणजे आपला बगीचा. कबरीवरच्या उभ्या दगडाला ‘निशान’. शत्रूला ‘दुश्मनिन’. साखर तर आपल्याच शर्करेची नात. इराण-तुर्कस्तान करीत ती तेथे ‘शेचेर’ होऊन नांदते आहे. हे झाले पूर्वेकडून गेलेले शब्द. पण त्या भाषेचे मूळ स्लाव्ह, म्हणजे आपल्या संस्कृतच्या दूरच्या भाऊबंदकीतले. म्हणून ‘द्वा, त्री, चेतिरी’ असे ती मोजते आणि शंभराला ‘स्तो’ म्हणते. सर्वांत गंमत वाटली ती ‘राया’ या शब्दाची. सारायेव्होत एखाद्याला ‘हा आपला राया आहे’ असे म्हटले की त्याच्यापुढे दुसरी स्तुती उरत नाही. लावणी ऐकलेला मराठी माणूस येथे दचकणारच! पण हा राया म्हणजे आपली रयत. सुलतानाच्या कागदांत जो शब्द हलक्या प्रजेसाठी होता, तोच या गावाने उचलला आणि ‘आपल्यातला, साधा, दिलाचा माणूस’ असा त्याचा अर्थ करून टाकला. त्या राया मंडळींत कुणाचा धर्म कोणता हे विचारण्याची रीत नव्हती. शिवीची स्तुती कशी करावी हे या गावाकडून शिकावे. आपण त्यांच्या नावाची शिवी करून बसलो आहोत!

आता देवळांकडे वळतो. बाजाराच्या पोटात गाझी हुस्रेव-बेग यांची मशीद आहे, १५३० च्या सुमाराची. तिच्या शेजारच्या मनोऱ्यावरील घड्याळ आपल्या घड्याळाशी जुळत नाही. कारण ते सूर्यास्ताला बारा वाजवते, आणि दिवस लहानमोठा होईल तसे एक माणूस वर चढून ते सारखे करतो. तेथून दोन-चार मिनिटांवर १५८१ चे जुने ज्यू प्रार्थनामंदिर. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकलून दिले, त्यांतले काही फिरत फिरत या दरीत आले आणि पुढची चारशे वर्षे घरात स्पॅनिशच बोलत राहिले. त्याच टापूत सर्बांचे जुने ऑर्थोडॉक्स चर्च, जाड भिंतींचे, कमी उंचीचे, आणि आत मेणबत्त्यांनी काळवंडलेल्या तसबिरी. आणखी थोडे चालले की १८८९ चे कॅथॉलिक कॅथीड्रल. हे सगळे दहा-बारा मिनिटांच्या चालीत. बाजार संपून ऑस्ट्रियनांनी बांधलेला रस्ता जेथे सुरू होतो, तेथे जमिनीवर एक रेघ आखली आहे. तिच्या एका बाजूला उभे राहून पाहिले तर इस्तंबूल वाटावे, दुसऱ्या बाजूला वळून पाहिले तर व्हिएन्ना. रेघेवर लहान मुले उड्या मारीत होती. एक पाय इस्तंबुलात आणि एक व्हिएन्नात ठेवून ती खिदळत होती.

येथे वाचक मला थांबवणार हे मला ठाऊक आहे. ‘हे सगळे गोड आहे हो. पण एवढे गोडीगुलाबीने नांदत होते, तर मग ती कत्तल कशी झाली? नव्वदीतल्या त्या बातम्या आम्ही विसरलो नाही.’ प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. तेव्हा जखमांच्या रस्त्यानेही पायीच जाऊ.

५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १४२५ दिवस, या गावाला वेढा पडला होता. ज्या डोंगरांचे मी मघाशी कौतुक केले, त्याच डोंगरांवर बोस्नियातील सर्ब सैन्याने तोफा चढवल्या आणि खालच्या गल्ल्यांत निशाणबाजीचा खेळ मांडला. पाणी भरायला गेलेली माणसे मारली गेली, शाळेत निघालेली मुले मारली गेली. कॅथीड्रलच्या पाठीमागे मार्काले नावाची मंडई आहे. ५ फेब्रुवारी १९९४ रोजी तेथे एक गोळा पडला आणि ६८ माणसे ठार झाली. आज त्याच फळ्यांवर टोमॅटो आणि पालेभाजी विकायला असते, आणि मागच्या लाल भिंतीवर नावे असतात. फुटपाथवर जेथे गोळे फुटले त्यांतल्या कित्येक खड्ड्यांत तांबडी राळ ओतून ठेवली आहे. त्यांना ‘सारायेव्होचे गुलाब’ म्हणतात. गाडीतून ते दिसत नाहीत. चालणाऱ्यालाच ते दिसतात आणि चालणाऱ्यालाच ते चुकवावेसे वाटतात. २०१२ च्या एप्रिलमध्ये, वेढ्याला वीस वर्षे झाली तेव्हा, मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या. रिकाम्या. मेलेल्या प्रत्येकासाठी एक.

आता माझा उलट प्रश्न ऐका. या खुर्च्या कुणाच्या? एका जमातीच्या? मुळीच नाही. गावात बोश्नियाक मुसलमान होते, तसेच क्रोएट होते, ज्यू होते आणि सर्बही होते. डोंगरावरून येणारा गोळा खाली येताना कुणाची जात विचारत नव्हता. आणि वेढ्याच्या आत राहून या गावाचे रक्षण करणाऱ्यांत योव्हान दिव्याक नावाचा जो सेनापती होता, तो जन्माने सर्ब होता. गोळे टाकणारे सर्ब आणि ते झेलणाऱ्यांतही सर्ब. मग ही जमातीजमातींची लढाई म्हणायची कशी? ती दोन कल्पनांची लढाई होती. एका बाजूला होते मिसळून राहणारे गाव. दुसऱ्या बाजूला होते, माणसे निवडून वेगवेगळ्या डब्यांत भरली पाहिजेत असे मानणारे. त्यांचा पुढारी राडोव्हान कराजिच याच गावात मनोविकारांचा वैद्य म्हणून राहिलेला, आणि वर कवी! आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ मध्ये त्याची शिक्षा वाढवून जन्मठेप केली. कविता लिहिल्याने माणूस सुधारतोच असा आपला जो एक वाङ्मयीन समज आहे, त्याने या गृहस्थाकडे एकदा पाहून घ्यावे.

मी एकाच बाजूचे पाढे वाचतो आहे असे कुणी म्हणू नये. वेढ्यातल्या गावातही काही टोळ्यांनी सर्ब नागरिकांना घरातून ओढून नेले आणि त्रेबेविच डोंगरावरील काझानीच्या खाईत मारून टाकले. दुसऱ्या महायुद्धात तर नाझी आणि त्यांच्या क्रोएट साथीदारांनी येथले बहुसंख्य ज्यू संपवले. पाखडण्याचे वेड कुणा एका जमातीचे वतन नाही. पण प्रत्येक वेळी वेड तेच असते, एवढेच मला दाखवायचे आहे.

आणि बाहेरच्यांचे काय? बाल्कनच्या भांडणांची कथा सांगताना ही मंडळी सोयीने पडद्याआड जातात. १८७८ मध्ये बर्लिनला बसलेल्या बड्या राष्ट्रांनी बोस्निया ऑस्ट्रियाच्या ताब्यात दिला. बोस्नियाच्या रहिवाशांना कुणी विचारले नाही. १९०८ मध्ये तो साम्राज्याला जोडूनच टाकला. मग २८ जून १९१४ रोजी लॅटिन पुलाजवळच्या कोपऱ्यावर गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या पोराने युवराजावर गोळी झाडली. त्या कोपऱ्यावर मी बराच वेळ उभा होतो. १९३० मध्ये तेथे प्रिन्सिपच्या नावाची शिला बसवली. १९४१ मध्ये जर्मनांनी ती उपटून हिटलरला भेट म्हणून धाडली. पुढे युगोस्लाव्हियाच्या काळात फुटपाथवर त्याच्या पावलांचे ठसे बसवले होते. १९९२ च्या युद्धात तेही गेले. एका पोराच्या गोळीमुळे जग पेटले, असे आपण शाळेत शिकलो. पण सबंध जग दारू भरून ठेवले होते कुणी? सातारा-रत्नागिरीकडचे जवान ज्या मराठा पलटणींत होते, त्या पलटणी १९१५-१६ मध्ये कुत-अल-अमाऱ्याच्या वेढ्यात घोड्याचे मांस समोर येईपर्यंत उपाशी राहिल्या, त्या काय सारायेव्होच्या भांडखोरपणामुळे? लंडन, बर्लिन, व्हिएन्ना यांनी आपसात केलेल्या महायुद्धाला मात्र कुणी ‘युरोपीकरण’ म्हणत नाही. शिवी नेहमी गरिबाच्या नावाने पडते.

नदीकाठी पूर्वेच्या टोकाला व्हियेच्नित्सा नावाची पट्ट्यापट्ट्यांची देखणी इमारत आहे. ती १८९६ मध्ये नगरसभागृह म्हणून पुरी झाली. तिच्या जागेवर एका हट्टी म्हाताऱ्याचे घर होते. तो जागा सोडीना. अखेर सोन्याच्या मोहरांची थैली घेतली आणि वर अट घातली, की माझे घर वीट न् वीट उचलून नदीच्या पलीकडे जसेच्या तसे उभे करून द्या. ते घर आजही समोरच्या काठावर आहे, आणि त्याचे नाव ‘इनात कुचा’, म्हणजे हट्टाचे घर. पुढे या सभागृहात राष्ट्रीय ग्रंथालय आले. १९९२ च्या २५ ऑगस्टच्या रात्री डोंगरावरून त्यावर आगीचे गोळे टाकले गेले, आणि लक्षावधी ग्रंथ जळून गेले. जळल्या पानांची काळी राख गावावर पडत राहिली, असे ती रात्र पाहिलेले लोक सांगतात. ग्रंथालयच का? तेथे तर सैन्य नव्हते. पण तेथल्या कपाटांत तुर्की, अरबी, सिरिलिक, लॅटिन, हिब्रू अशा लिप्या शेजारी शेजारी बसत होत्या. हे गाव पूर्वीपासून मिसळलेले आहे, याचा तो पुरावा होता. ज्यांना खोटे बोलायचे असते ते आधी दप्तर जाळतात.

त्याच गावातील एका ग्रंथाची गोष्ट मात्र उलटी आहे. चौदाव्या शतकात स्पेनमध्ये लिहिलेले ज्यूंचे एक सचित्र हस्तलिखित येथल्या वस्तुसंग्रहालयात आहे. १९४२ मध्ये ते नेण्यासाठी जर्मन अधिकारी आले, तेव्हा देर्विश कोर्कुत नावाच्या मुसलमान ग्रंथपालाने ते त्यांच्या नाकाखालून लांबवले आणि लपवून वाचवले. शेजाऱ्याची पोथी जिवावर उदार होऊन जपणारा हा माणूस बाल्कनचा नव्हे काय? मग ‘बाल्कन’ या शब्दाचा अर्थ ठरवताना कोर्कुत का मोजायचा नाही आणि कराजिच तेवढा का मोजायचा?

शेजाराला तेथे ‘कोम्शिलुक’ म्हणतात. नुसता शेजार नव्हे, शेजारधर्म. ईदला बकलाव्याचे ताट शेजारी जायचे आणि ईस्टरला शेजाऱ्याकडून रंगीत अंडी यायची. आपल्याकडे दिवाळीचे ताट रुमालाखाली झाकून शेजारी जाते आणि रिकामे परत येत नाही, हे ज्याला माहीत आहे त्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

आता त्या चकलीकडे येतो. भाजणीत तांदूळ असतो, हरभऱ्याची डाळ असते, उडीद असतो, मूग असतो. भाजून दळून झाल्यावर कुणी म्हणाले, की आता यातले उडीद तेवढे निराळे काढा, तर घरची आजी त्याला वेड्यात काढील. आणि त्याने हट्टच धरला तर उडीद निघणार नाहीत, भाजणी मात्र वाया जाईल. १९९१ च्या जनगणनेत सारायेव्होत निम्म्याच्या आसपास बोश्नियाक होते, दहांत तीन सर्ब होते, क्रोएट होते. आणि दर दहांतल्या एकाने ‘आम्ही नुसते युगोस्लाव्ह’ असे लिहून दिले होते. हीच ती भाजणी. ती पाखडायला निघालेल्यांनी एक लाख माणसे मारून बोस्नियाचे काय केले, तेही मी पायी जाऊन पाहिले.

१९९५ च्या डेटन करारात युद्ध थांबले, पण नकाशावर एक रेघ आली. एका बाजूला बोश्नियाक आणि क्रोएट यांचा संघ, दुसऱ्या बाजूला सर्ब प्रजासत्ताक. गावाच्या दक्षिणेला दोब्रिन्या नावाची वस्ती आहे, तेथून ही रेघ जाते. मी ती ओलांडली. चौकी नाही, कुंपण नाही. तीच झाडे, तशीच चौकोनी घरे, दोरीवर वाळत घातलेले तसेच कपडे. पाट्यांवरची लिपी तेवढी सिरिलिक झाली आणि मी ‘पूर्व सारायेव्हो’ नावाच्या दुसऱ्या गावात होतो! जुन्या बाजारातील रेघेवर मुले खिदळत होती. या रेघेवर कुणी उड्या मारीत नव्हते. सिगारेटच्या पाकिटावर ‘धूम्रपानाने मृत्यू येतो’ हा इशारा तीन वेळा छापतात, बोस्नियन, क्रोएशियन आणि सर्बियन अशा तीन भाषांत. वाक्य तिन्ही ठिकाणी तेच, अक्षर न् अक्षर तेच, एकदा फक्त लिपी निराळी. मरण एकच आहे हे तीनदा सांगावे लागते. देशाला अध्यक्ष तीन. प्रत्येक जमातीचा एक, आणि मुख्य खुर्चीची आठ-आठ महिन्यांची पाळी. मध्य बोस्नियात आणि हर्जेगोव्हिनात काही शाळा अशा आहेत, की एकाच छपराखाली दोन शाळा भरतात. बोश्नियाक मुले एकीकडे आणि क्रोएट मुले दुसरीकडे. आणि ज्याचे प्रार्थनामंदिर १५८१ पासून येथे उभे आहे, त्या ज्यू नागरिकाला देशाच्या अध्यक्षपदासाठी उभेच राहता येत नाही, कारण तो तिन्ही डब्यांपैकी कुठल्याच डब्यात बसत नाही! हे अन्यायाचे आहे असा निकाल युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००९ मध्ये दिला, पण नंतर वर्षांमागून वर्षे गेली तरी घटना बदलली गेली नाही. सारायेव्हो स्वतः २०१३ च्या जनगणनेत पाचांत चार बोश्नियाक झालेले आढळले. भाजणी पाखडली गेली ती अशी.

तेव्हा माझी फिर्याद अशी. बाल्कनीकरण नावाचा रोग खरा आहे. फक्त आपण त्याचे निदान उलटे केले आहे. अनेक भाषा, अनेक धर्म एकत्र राहिले म्हणून तो होत नाही. एकत्र राहणाऱ्यांना वेगळे काढण्याचा हट्ट कुणीतरी धरतो आणि बाकीचे गप्प बसतात, म्हणून तो होतो. शतकानुशतके दहा मिनिटांच्या चालीत चार धर्म नांदले, ते बाल्कनच. आणि तेच त्याचे खरे रूप. त्याला ‘एकत्र राहता येत नाही याचा दाखला’ म्हणणे, म्हणजे ज्याच्या घरावर दरोडा पडला त्यालाच दरोडेखोर म्हणणे आहे.

हे सारे इतक्या लांबचे आहे की आपल्याला त्याचे काय, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच शहरात थोडे पायी हिंडावे. मुंबईच्या मांडवीत १७९६ मध्ये उभे राहिलेले बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर आहे. आमच्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे. मशिदी आणि देवळे त्याच्या हाकेच्या अंतरावर आहेत. ही आपली भाजणी. आणि त्याच मुंबईत आज घर शोधायला निघालेल्या माणसाला आधी आडनाव विचारतात, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते विचारतात, आणि मग ‘सोसायटीचा नियम आहे हो’ असे गोड आवाजात सांगतात. मासे खाणाऱ्या मराठी कुटुंबाला असे सांगितले की आपण खवळतो, आणि खवळलेच पाहिजे. पण मुसलमानाला किंवा दलिताला आपल्याच मजल्यावर जागा नाकारली जाते तेव्हा खवळणारे कितीजण निघतात? तोफा फार शेवटी येतात, वाचकहो. त्याआधी कितीतरी वर्षे नुसत्या याद्या चालू असतात. कोण आपल्यातला, कोण नाही. कुणाला जागा द्यावी, कुणाला नाही. सभेचे इतिवृत्त, सही, शिक्का. रक्ताचा एक थेंब न सांडता काम चोख चालू असते.

म्हणून अग्रलेखकांना माझी विनंती आहे. भाषांचा आणि धर्मांचा गजबजाट पाहून ‘बाल्कनीकरण’ असे लिहू नका. त्या गजबजाटाला सारायेव्होत ‘राया’ म्हणतात आणि तो अभिमानाचा शब्द आहे. तो जुना शब्द वापरायचाच असेल तर ज्या दिवशी एखाद्या जिन्यावर ‘तुमच्यातल्यांना येथे जागा नाही’ असे सांगितले जाईल त्या दिवशी वापरा. तोवर फराळाचे ताट उचला आणि ज्या दारात आपण कधी गेलो नाही त्या दारात ते घेऊन जा. फार लांब नाही. पायीच जाता येते.